नोंद झाली, राखण उरली

शिरूर तालुक्यातील कारेगाव हे पुणे–अहिल्यानगर महामार्गावरचे, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेले गाव. पर्जन्यछायेतला हा मुलूख. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, तरी साल बरे गेले असे मानण्याची येथील रीत. तरीही पहिला मोठा पाऊस पडून ओढ्या-नाल्यांत पाणी साचले की दोन प्राणी हटकून प्रकट होतात. एक म्हणजे साचलेल्या पाण्यात डरावडराव करणारा मोठा बेडूक. विणीच्या दिवसांत त्याचा नर पिवळाधमक होतो. दुसरा म्हणजे रात्री दिव्याच्या खांबाखाली किडे टिपत बसलेला, खरबरीत आणि गाठाळ कातडीचा भेक. गावातली मुले दोघांनाही ‘बेडूक’ म्हणतात आणि बोलीच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. प्राणिशास्त्र मात्र या दोघांना दोन निरनिराळ्या कुलांत बसवते. पहिल्याचे शास्त्रीय नाव ‘होप्लोबॅट्राकस टायगेरिनस’, दुसऱ्याचे ‘डट्टाफ्रिनस मेलॅनोस्टिक्टस’. दोघेही भारतीय उपखंडात दूरवर पसरलेले आहेत आणि सध्या तरी दोघांच्या अस्तित्वाला मोठा धोका नाही.

यांतील ‘टायगेरिनस’ हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याचा अर्थ वाघासारखा. याच अर्थाचे विशेषण महाराष्ट्रातील आणखी एका प्राण्याच्या नावात आहे. परंतु त्याचे नशीब अगदी निराळे. ‘झँथोफ्राइन टायगेरिना’ असे त्याचे नाव. इंग्रजीच्या प्रभावाने त्याला ‘आंबोली टोड’ किंवा ‘टायगर टोड’ म्हणतात. मराठीत ‘आंबोली भेक’ म्हणावयास हरकत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी तालुक्यात, सुमारे सातशे मीटर उंचीवर असलेले आंबोली आणि त्याच्या परिसरातील कातळ एवढेच त्याचे विश्व. कारेगावी ज्या काळात चार सरी पडतात, त्या काळात आंबोलीत संततधार असते. तेथे वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या घरात जातो. मुठीत सहज मावेल एवढा हा जीव आज जगातील ‘अतिसंकटग्रस्त’ प्राण्यांच्या यादीत आहे. वाघ संकटात आहे हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. वाघाचे विशेषण लावलेला हा भेक वाघापेक्षाही गंभीर वर्गात मोडतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

या भेकाची कथा प्रामुख्याने वर्गीकरणाची कथा आहे. वर्गीकरण हा शब्द ऐकताच काचेच्या बरण्या, लॅटिन नावे आणि पंडितांचे वाद डोळ्यांसमोर येतात, आणि सामान्य माणसाला वाटते की यात आपला काय संबंध? वस्तुतः कोणतेही वर्गीकरण निर्हेतुक नसते. जैन परंपरेने जीवांची मांडणी इंद्रियांच्या संख्येवरून केली, एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत. तिच्यामागे कोणाशी किती जपून वागावे याचा विचार होता. बँका कर्जखात्यांचे वर्ग पाडतात, त्यामागे ठेवीदारांचा पैसा सुरक्षित राहावा हा हेतू असतो. प्राणिशास्त्रातील वर्गीकरणाचा मूळ हेतू जीवांमधील नाते शोधण्याचा असला, तरी आजच्या काळात त्याला आणखी एक जबाबदारी चिकटली आहे. कोणता जीव राखायचा, कोठे राखायचा आणि किती तातडीने राखायचा, हे त्यावरूनच ठरते.

नावांची पद्धत प्रथम समजून घेतली पाहिजे. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ मध्ये निघाली. प्राण्यांची अधिकृत शास्त्रीय नावे तेव्हापासून मोजली जातात. प्रत्येक जीवाला दोन शब्दांचे नाव. पहिला शब्द वंशाचा, आडनावासारखा. दुसरा प्रजातीचा, व्यक्तीच्या नावासारखा. जवळची नाती असलेल्या प्रजाती एका वंशात, जवळचे वंश एका कुलात, कुले गणात आणि गण वर्गात. पाणी आणि जमीन या दोन्हींशी आयुष्य बांधलेल्या ‘उभयचर’ वर्गाचे तीन गण आहेत. शेपटी नसलेले बेडूक आणि भेक हा पहिला. आयुष्यभर शेपटी टिकवणारे सॅलॅमँडर आणि न्यूट हा दुसरा. आणि पाय नसलेले, मातीत राहणारे, गांडुळासारखे दिसणारे देवगांडूळ हा तिसरा. महाराष्ट्रात पहिला आणि तिसरा गण आहे. सॅलॅमँडर येथे नाहीत.

भेकांच्या बाबतीत बराच काळ एक सोय झाली होती. जगभरातील भेकांचा मोठा भाग ‘ब्यूफो’ या एकाच वंशाच्या पोत्यात भरला जाई. कातडी खरबरीत, पाय आखूड, डोळ्यांमागे विषग्रंथी. दिसायला सारखे, म्हणून आडनावही सारखे. कारेगावच्या दिव्याखालचा भेकही तेव्हा ‘ब्यूफो’च होता. १९६३ मध्ये सोमण यांनी सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या परिसरातून, शिवसागर जलाशयाकाठच्या हुंबळी गावाजवळून, एका नव्या भेकाचे वर्णन केले आणि त्यालाही साहजिकच ‘ब्यूफो’ हेच आडनाव मिळाले. दुसरा शब्द कोयनेवरून, ‘कोयनायेन्सिस’. त्याच्या अंगावर पिवळे डाग होते आणि तो एरवीच्या भेकांहून वेगळा दिसत होता. परंतु तो नेमका कोणाचा भाऊबंद, हे सांगण्याचे साधन त्या काळी हाती नव्हते.

ते साधन पुढे डीएनएच्या रूपाने मिळाले. २००६ मध्ये जगातील उभयचरांच्या नात्यांची एक मोठी फेरमांडणी प्रसिद्ध झाली आणि ‘ब्यूफो’चे पोते सुटले. त्यातून निघालेल्या दक्षिण आशियाई भेकांच्या एका गटाला ओडिशाचे उभयचरतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता यांच्या सन्मानार्थ ‘डट्टाफ्रिनस’ असे नाव देण्यात आले. कारेगावच्या भेकाचे आडनाव बदलले ते असे. भेक तोच, दिवाही तोच. मात्र वंशावळीत त्याची जागा आता अधिक नेमकी झाली.

तीन वर्षांनी, २००९ मध्ये, दिल्ली विद्यापीठाचे एस. डी. बिजू, महाराष्ट्राचे वरद गिरी आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी पश्चिम घाटातील भेकांवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. शरीररचना आणि डीएनए या दोन्हींची तुलना केल्यावर असे दिसून आले की कोयनेचा भेक आणि आंबोलीचा भेक हे परस्परांचे सख्खे, पण इतर सर्व भेकांपासून फार पूर्वी अलग झालेले आहेत. म्हणून या दोघांसाठी स्वतंत्र वंश स्थापन झाला. ग्रीक भाषेत ‘झँथोस’ म्हणजे पिवळा आणि ‘फ्राइन’ म्हणजे भेक, त्यावरून ‘झँथोफ्राइन’. आंबोलीच्या भेकाला तोपर्यंत स्वतःचे नावच नव्हते. अंगावरील पिवळ्या पट्ट्यांमुळे त्याला ‘टायगेरिना’ म्हटले गेले. या वंशात ही दोनच भावंडे आणि दोघेही केवळ महाराष्ट्राच्या सह्याद्रीतले. एखाद्या घराण्यात दोनच वारस उरावेत आणि दोघांचीही जमीन गुंठ्यांत मोजावी लागावी, अशी ही स्थिती.

नाव मिळाले म्हणजे नेमके काय मिळाले? येथे बँकेच्या कामकाजाचा दाखला उपयोगी पडेल. १९९२-९३ पासून भारतीय बँकांना कर्जखात्यांचे वर्गीकरण ठरावीक निकषांवर करावे लागते. मार्च २००४ पासून हप्ता वा व्याज नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकले की खाते अनुत्पादक ठरते. पुढे ते कनिष्ठ, संशयित आणि शेवटी बुडीत अशा पायऱ्या उतरते. प्रत्येक पायरीवर बँकेला अधिक रकमेची तरतूद करावी लागते. कर्जदार ओळखीचा आहे, माणूस सज्जन आहे, अशा समजुतींना तेथे जागा नसते. आणि या शिस्तीत सर्वांत घातक प्रकार कोणता, तर दोन वेगळी खाती एकत्र दाखवणे. तसे केले की चांगल्या खात्याच्या आड थकलेले खाते लपते आणि जेव्हा ते उघडे पडते तेव्हा वसूल करण्यासारखे काही उरलेले नसते.

जीवांच्या बाबतीत ही खतावणी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ ठेवतो. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या संघाच्या ‘लाल यादी’त प्रत्येक प्रजातीची पायरी नोंदलेली असते. सुरक्षित, संकटासमीप, असुरक्षित, संकटग्रस्त, अतिसंकटग्रस्त, निसर्गातून लुप्त आणि अखेर पूर्णतः लुप्त असा तो उतरता जिना. येथेही निकष आकड्यांत आहेत. एखाद्या प्रजातीचा एकूण विस्तार शंभर चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल, किंवा तिने प्रत्यक्षात व्यापलेले क्षेत्र दहा चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ती अतिसंकटग्रस्त वर्गासाठी विचारात घेतली जाते. मात्र क्षेत्र लहान असणे एवढेच पुरेसे नाही. ती एकाच ठिकाणी असणे किंवा तिचे तुकडे पडलेले असणे आणि तिच्या अधिवासात सातत्याने घट होत असणे, अशी अन्य लक्षणेही दिसावी लागतात. आंबोली भेकाचा समावेश या वर्गात झाला तो अशा निकषांवर. त्याचा कोयनेचा भाऊ एक पायरी वर, ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे.

आता कल्पना करावी की २००९ मध्ये या भेकाला वेगळे नाव मिळालेच नसते. ‘सह्याद्रीत पुष्कळ भेक आहेत’ या एका ओळीत तो बसून गेला असता. आंबोलीतील शेवटचा भेक नाहीसा झाला असता तरी बेरीज बदलली नसती. कारण त्या खात्याचे पानच उघडलेले नव्हते. ज्याची नोंद वेगळी नाही त्याची तूटही वेगळी दिसत नाही. वर्गीकरणाचे महत्त्व आहे ते इथे.

हे केवळ तर्काने म्हणावे लागत नाही. सॅलॅमँडरांच्या बाबतीत अशी चूक प्रत्यक्षात घडली आहे. २०२३ मध्ये जगातील आठ हजारांहून अधिक उभयचर प्रजातींचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ४१ टक्के प्रजाती धोक्यात असल्याचे आढळले. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत एवढी बिकट अवस्था दुसऱ्या कोणत्याही वर्गाची नाही आणि उभयचरांतही सर्वाधिक हानी सॅलॅमँडरांची आहे; त्यांच्या दर पाचांपैकी तीन प्रजाती संकटात आहेत. याच गणातील चिनी महासॅलॅमँडर हा जगातील सर्वांत मोठ्या उभयचरांपैकी एक; त्याची लांबी पावणेदोन मीटरपर्यंत जाते. तोही अतिसंकटग्रस्त आहे. मांसासाठी बेसुमार पकडला गेल्याने चीनच्या नद्यांतून तो जवळजवळ दिसेनासा झाला. दुसरीकडे मांसासाठीच त्याची तळ्यांत पैदास सुरू झाली आणि बंदिस्त प्राण्यांची संख्या मोठी झाली. मग संवर्धनाचा सोपा उपाय सुचला : तळ्यांतले प्राणी पुन्हा नद्यांत सोडावेत.

हेतू चांगला होता. परंतु २०१८ मध्ये डीएनएच्या अभ्यासातून असे निष्पन्न झाले की ज्याला एकच प्रजाती समजले जात होते, त्यात किमान पाच वेगवेगळ्या वंशरेषा आहेत. वेगवेगळ्या नदीखोऱ्यांत लक्षावधी वर्षे त्या अलग वाढल्या होत्या. तळ्यांत मात्र कोणत्या नदीचा प्राणी कोणता याची नोंद कोणी ठेवली नव्हती. सर्वांची सरमिसळ झालेली होती आणि तीच सरमिसळ नद्यांत सोडली जात होती. २०१९ मध्ये संग्रहालयांतील जुने नमुने तपासून संशोधकांनी यांतील एका रेषेला ‘अँड्रियास स्लिगोय’ हे १९२४ मध्ये दिलेले आणि पुढे बाजूला टाकलेले नाव पुन्हा बहाल केले. ज्या प्राण्यावरून ते नाव दिले गेले होते, तो एकेकाळी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात अनेक वर्षे जिवंत होता. म्हणजे जवळजवळ पंच्याण्णव वर्षे ही स्वतंत्र प्रजाती दुसऱ्याच्या नावाखाली मोजली गेली आणि तेवढ्या अवधीत तिच्या नद्या रिकाम्या होत गेल्या. वाचवण्याचा प्रयत्नही नोंदीच्या अभावी घातक ठरू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

भारतातील सॅलॅमँडर पूर्व हिमालय आणि ईशान्येकडील डोंगरांपुरते मर्यादित आहेत. दार्जिलिंगजवळ जोरपोखरी येथे त्यांच्यासाठी एक चिमुकले अभयारण्य राखलेले आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे ०.०४ चौरस किलोमीटर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या अनुसूचीत ‘हिमालयीन न्यूट वा सॅलॅमँडर’ अशी नोंद होती आणि पुढे शास्त्रीय नाव होते ‘टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस’. हे नाव मुळात १८७१ मध्ये चीनच्या युनान प्रांतातील प्राण्याला दिलेले. २०१५ मध्ये पूर्व नेपाळमधील नमुन्यांवरून ‘टायलोटोट्रायटन हिमालयानस’ ही स्वतंत्र प्रजाती मांडण्यात आली. म्हणजे हिमालयातील प्राणी कायद्यात वर्षानुवर्षे परक्याच्या नावाने वावरत होता. मालमत्तेच्या कागदावर नाव दुसऱ्याचे असले की वारसाला किती अडचणी येतात, हे वेगळे सांगावयास नको. शास्त्राने नाव दुरुस्त केले की कायद्याच्या पानावरही ते दुरुस्त व्हावे लागते; हा फेरफार वेळेवर होणे हाही संवर्धनाचाच एक भाग आहे.

आंबोली भेकाकडे पुन्हा वळल्यावर प्रश्न असा उभा राहतो : त्याची नोंद तर झाली, मग राखण झाली काय?

त्यासाठी त्याचे जीवनक्रम पाहावे लागते. आंबोलीच्या पठारावर जांभ्या दगडाचे मोकळे सडे आहेत. उन्हाळ्यात ते तव्यासारखे तापतात आणि तेथे काही जगत असेल असे कोणालाही वाटत नाही. पावसाळ्याच्या आरंभीच्या सरींनी या कातळावरील लहानमोठ्या खळग्यांत पाणी साचते आणि हे भेक दगडांखालच्या आसऱ्यातून मोठ्या संख्येने बाहेर येतात. नरांचा रंग पिवळा झळझळीत होतो. मीलन आणि अंडी घालणे हा सारा सोहळा थोड्या दिवसांत उरकतो. अंडी पडतात ती कातळावरच्या उथळ पाण्यात. पावसाने मध्येच दीर्घ उघडीप दिली तर खळगा आटतो आणि त्यातील पिढी वाळून जाते. एवढ्या नाजूक वेळापत्रकावर ज्याचे भवितव्य अवलंबून आहे, त्याच्यासाठी कातळावरचा एक खळगाही मोलाचा.

माणसाच्या लेखी मात्र तेच पठार म्हणजे वाहन उभे करण्याची, शीतपेयाच्या बाटल्या रित्या करण्याची किंवा इमारतीचा पाया खोदण्याची पडीक जमीन. महसुली कागदपत्रांत ‘पडीक’ किंवा ‘पोटखराब’ असा शेरा असला की त्या जागेवर काहीच नाही, अशी समजूत होते. येथेही दोष वर्गीकरणाचाच आहे. शेतीच्या दृष्टीने निकामी असलेली जागा निसर्गाच्या दृष्टीने निकामी असतेच असे नाही. उलट जगात अन्यत्र कोठेही नसलेला जीव अशाच जागी राहत असू शकतो.

दुसरा धोका रस्त्याचा. सावंतवाडीहून आंबोली घाट चढून बेळगाव-कोल्हापूरकडे जाणारा मार्ग याच परिसरातून जातो. पावसाळी पर्यटनाची गर्दी आणि भेकांचे बाहेर पडणे यांचा काळ नेमका एकच. रात्री ओल्या डांबरावर आलेला भेक वाहनाचा उजेड पडताच पळून जात नाही. तो जागीच थबकतो. चाक त्याच्यावरून जाते आणि आतल्या माणसांना धक्कासुद्धा जाणवत नाही. विणीसाठी निघालेली मादी चिरडली गेली तर तिच्या पोटातील पुढची पिढीही तिच्याबरोबर जाते.

जैन कथापरंपरेला हा प्रसंग अनोळखी नाही. राजगृहाच्या बेडकाची कथा पुष्कळांनी लहानपणी ऐकलेली असते. भगवान महावीरांच्या दर्शनाला निघालेला बेडूक वाटेतच चिरडला जातो. ‘ज्ञाताधर्मकथे’त तो घोड्याच्या टापेखाली येतो, तर दिगंबर परंपरेत हत्तीच्या पायाखाली. कथा त्या बेडकाच्या भक्तीसाठी सांगितली जाते आणि त्याची सद्गती झाल्याचे ऐकून श्रोता समाधान पावतो. परंतु त्याच कथेत एक साधे निरीक्षणही आहे : मिरवणुकीतील कोणालाही कळले नाही की पायाखाली कोणी होते. वैरभावाने नव्हे, तर बेसावधपणाने घडणारी ही हिंसा आहे. पावसाळ्यात भूमीवर जीवांची दाटी होते म्हणून साधू-साध्वींनी चार महिने एका ठिकाणी राहावे, असा नियम ज्या परंपरेने घातला, तिला हे निरीक्षण नवे वाटू नये.

नोंदीनंतर राखण होऊ शकते, याचेही एक उदाहरण आंबोलीतच आहे. २०२० मध्ये येथील हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळ, देवस्थानाच्या परिसरातील पाण्यात राहणाऱ्या एका चिमुकल्या माशाचे वर्णन प्रसिद्ध झाले. ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे त्याचे नाव ठेवले गेले. त्यानंतर अल्पावधीत, २०२१ मध्ये, राज्य शासनाने २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली त्या परिसरातील २.११ हेक्टर क्षेत्र ‘जैवविविधता वारसा स्थळ’ म्हणून घोषित केले. माशाला नाव मिळाले, नावासोबत पत्ता मिळाला आणि पत्त्यासोबत संरक्षण मिळाले. शास्त्रज्ञ, ग्रामस्थ आणि शासन यांची इच्छा एकवटली की कागद किती लवकर हलू शकतो, हे यातून दिसते.

भेकाचे प्रकरण थोडे अधिक अवघड आहे. मासा एका कुंडात राहतो. भेक कातळावर, गवतात, रस्त्यालगत विखुरलेला असतो आणि त्याची जागा माणसाच्या जागेत मिसळलेली असते. त्याच्यासाठी कुंपण घालणे सोपे नाही. आणि लाल यादी म्हणजे कायदा नव्हे, हेही स्पष्टपणे समजून घेतले पाहिजे. ती धोक्याची पायरी सांगते. वाहनाला वेग कमी करायला लावण्याचा अधिकार तिच्याकडे नाही. खाते संशयित ठरवल्याने वसुली आपोआप होत नाही. त्यासाठी कोणीतरी उठून कर्जदाराच्या दारी जावे लागते. अतिसंकटग्रस्त हा शिक्काही तसाच. तो काम संपल्याची पावती नसून काम सुरू करण्याची नोटीस आहे.

हे काम कोणाचे? त्याचे एक उत्तर त्याच २००२ च्या कायद्यात आहे. या कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने, म्हणजे अगदी ग्रामपंचायतीनेही, जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते आणि गावातील जीवसृष्टीची ‘लोकजैवविविधता नोंदवही’ तयार करावयाची असते. ही कल्पना रुजवण्यात पुण्याचे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा होता. नोंदवही कारेगावचीही असू शकते आणि आंबोलीचीही. कारेगावच्या वहीत कदाचित एकही अतिसंकटग्रस्त प्राणी येणार नाही. तरी कोणत्या ओढ्यात पहिल्या पावसात पिवळे बेडूक जमतात, कारखान्यांची वसाहत वाढल्यावर कोणत्या नाल्यातून त्यांचा आवाज थांबला, हे गावातील वृद्धांना ठाऊक असते आणि त्यांच्यानंतर कोणालाच ठाऊक नसते. कोणे एके काळी भारतातून या बेडकांचे पाय टनावारी निर्यात होत. १९८७ मध्ये ती निर्यात बंद करावी लागली. आज जो जीव विपुल आहे तो उद्याही विपुल राहील, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. शिल्लक भरपूर असतानाच हिशोब लिहिण्याची सवय लागली, तर शिल्लक घटू लागल्याचे वेळेवर कळते.

आंबोलीला पावसाळ्यात जाणाऱ्या कुटुंबांकडून अपेक्षा फार मोठी नाही. पठारावर चारचाकी नेऊ नये. कातळावर सुटे पडलेले दगड उचलून पाहू नयेत, कारण त्यांखाली कोणाचे तरी घर असते. खळग्यातील पाण्यात पाय वा बाटल्या धुऊ नयेत. घाटातून रात्री जाणे टाळता येत असेल तर टाळावे; नच टाळता आले, तर पाऊस पडत असताना वाहन सावकाश चालवावे आणि दिव्याच्या उजेडात रस्त्यावर काही हललेसे वाटले, तर थांबून पाहावे. एवढ्याने वीस मिनिटे उशीर होईल. शास्त्रज्ञांनी या जीवाला त्याच्या वंशावळीत योग्य जागा शोधून दिली, त्याला छेचाळीस वर्षांचे अंतर असलेले दोन शोधनिबंध लागले. रस्त्यावर त्याला जागा देण्यासाठी शोधनिबंधाची गरज नाही. वाहनाचा वेग कमी केला तरी पुरते.